कौन्सिल टॅक्स थकलाय आणि बेलिफ येणार आहे, तर काय करायचं

आपल्याकडे घरपट्टी घरमालक भरतो. भाडेकरूने भाडं दिलं, विजेचं बिल भरलं की त्याचं काम संपतं. इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या कितीतरी मराठी घरांची अडचण नेमकी इथूनच सुरू होते. इथला कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक कौन्सिलचा घरावरचा कर, बहुतेक वेळा घरात राहणाऱ्याच्या नावावर येतो, मग घर भाड्याचं का असेना.

आमचंही तेच झालं. पहिल्या फ्लॅटच्या करारात ‘बिलं वेगळी’ असं लिहिलं होतं. आम्ही त्याचा अर्थ वीज, गॅस आणि इंटरनेट एवढाच घेतला. कौन्सिलची पाकिटं यायची आणि ‘रविवारी बघू’ म्हणत ड्रॉवरमध्ये जायची. सात महिन्यांनी घर बदललं, पुढची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिली. मग एका सकाळी साडेसातला नव्या घराची बेल वाजली. नुकत्याच पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी दार उघडलं आणि दारातल्या नीटनेटक्या माणसाला हसून आत घेतलं. पाहुणा समजून त्याला पाणीही दिलं. तो बेलिफ होता, थकबाकी वसूल करायला आलेला. दहा मिनिटांत टीव्ही आणि नवऱ्याचा कॅमेरा त्याच्या यादीत गेला आणि आम्ही घाबरून त्या कागदावर सही केली.

तेव्हा जे माहीत नव्हतं ते सगळं इथे लिहिते आहे. हे नियम इंग्लंडचे आहेत. वेल्समध्ये बरंचसं असंच आहे. स्कॉटलंडमध्ये शेरीफ ऑफिसर येतात आणि त्यांची पद्धत निराळी आहे. उत्तर आयर्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सच नाही, तिथे रेट्स भरतात.

आधी पाहा: हे देणं खरंच तुमचं आहे का?

बेलिफचं पत्र हातात पडलं की पैशांची जमवाजमव सुरू होते. त्याआधी अर्धा तास या प्रश्नाला द्या. आपल्या लोकांकडून चुकीचं बिल भरलं जाणं किंवा सवलत न मागितली जाणं फार होतं.

घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर त्या घराला कर पूर्ण माफ आहे. एक विद्यार्थी आणि एक नोकरदार असे दोघंच राहत असतील तर विद्यार्थी मोजला जात नाही. उरलेला एकटा धरला जातो आणि बिलात २५ टक्के सूट मिळते. एकट्या राहणाऱ्या कोणालाही हीच सूट आहे. विद्यार्थ्याच्या जोडीदाराबद्दलचा नियम मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. जोडीदार ब्रिटिश नागरिक नसेल आणि त्याच्या व्हिसावर नोकरी करायला किंवा सरकारी मदत घ्यायला बंदी असेल, तर तोही मोजला जात नाही. डिपेंडंट व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदत घ्यायची नाही, ही अट असतेच. म्हणजे नवरा पीएचडी करतोय आणि बायको डिपेंडंट आहे, तर ती नोकरी करत असली तरी त्या दोघांच्या घराला माफी मिळू शकते. फोनवर कोणी ‘बायको कमावते, मग टॅक्स लागेल’ म्हणालं, तर तेवढ्यावर सोडू नका, उत्तर लेखी मागा.

ही माफी अभ्यासक्रम संपल्याच्या तारखेला संपते, पदवीदान समारंभाला नाही. विद्यापीठाच्या पत्रावर जी शेवटची तारीख असते तीच कौन्सिल धरते. ग्रॅज्युएट व्हिसावर गेलेल्या मुलांना पुढे काही महिन्यांनी एकदम मोठं बिल येतं, ते यामुळे.

एका घरात प्रत्येकाचा खोलीपुरता वेगळा करार असेल तर कर सहसा घरमालकाने भरायचा असतो. घरमालक त्याच घरात राहत असेल तर नक्कीच त्याने. पण चौघांनी मिळून एकाच करारावर सह्या केल्या असतील, तर चौघंही पूर्ण रकमेला बांधील असतात. तीन मित्र भारतात परत गेले तर चौथ्याकडून सगळी रक्कम मागता येते. नवरा-बायकोचंही तसंच आहे.

बिल चुकीचं आहे असं दिसलं तर करार, विद्यापीठाचं पत्र, घर सोडल्याची तारीख दाखवणारी ईमेल, असं सगळं जोडून कौन्सिलला लिहा. दोन महिन्यांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे जाता येतं. त्याला फी नाही.

कमी उत्पन्नासाठी मिळणारं ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ते पब्लिक फंड्समध्ये मोडतं. व्हिसावर तशी अट असेल तर त्याचा अर्ज सल्ला घेतल्याशिवाय करू नका. एकट्याची २५ टक्के सूट आणि विद्यार्थ्यांची माफी पब्लिक फंड्समध्ये येत नाही, ती निर्धास्त मागा.

कोणतं पत्र आलंय ते ओळखा

बेलिफ अचानक येत नाही. त्याआधी पत्रांची एक ठरलेली रांग असते, आणि रांगेत तुम्ही जितके अलीकडे असाल तितकं थोडक्यात निभावतं.

एक हप्ता चुकला की रिमाइंडर येतं, सात दिवसांत भरा म्हणून. भरलात तर हप्ते पूर्वीसारखे चालू राहतात. नाही भरलात तर आणखी सात दिवसांनी वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते. हे ऐकून बरेच जण दचकतात, पण कायदा तसाच आहे. एका वर्षात दोन वेळा रिमाइंडर येऊन गेलं आणि तिसऱ्यांदा हप्ता चुकला, तर थेट शेवटची नोटीस येते.

त्यानंतर मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स येतं आणि कोर्टाचा खर्च बिलात चढतो. समन्स म्हटलं की आपल्याकडे घरात रडारड होते. हा फौजदारी खटला नाही, तुमच्या नावावर गुन्हा लागत नाही. कोर्टात एकाच बैठकीत शेकडो नावं घेतली जातात. ‘पैसे नाहीत’ हा तिथे बचाव होत नाही. ‘मी भरलेत’, ‘हे देणं माझं नाही’, ‘मला माफी आहे’ हे बचाव होतात. सुनावणीच्या आधी कौन्सिलला फोन करून हप्ते बांधून घेता येतात. कौन्सिल कोर्टाची ऑर्डर घेतेच, पण हप्ते पाळले तर पुढे सहसा जात नाही.

कोर्ट जी देतं ती लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे हे देणं तुमचं आहे असा हुकूम. तिच्यासोबत किंवा पाठोपाठ तुमची नोकरी आणि उत्पन्न विचारणारा फॉर्म येतो. तो भरून पाठवाच. एक तर न भरणं हा गुन्हा आहे. दुसरं, त्याच माहितीवर कौन्सिल पगारातून थेट कपात लावू शकते. कपात ऐकायला अपमानाची वाटते, ऑफिसात कळेल म्हणून लोक टाळतात. मी म्हणेन, बेलिफपेक्षा ती शंभरपट बरी. तिच्यात बेलिफची फी लागत नाही. नोकरी देणारा मालक दर वेळी जास्तीत जास्त एक पौंड खर्च म्हणून कापू शकतो.

समन्स जुन्या पत्त्यावर गेलं होतं, एवढ्या कारणाने ऑर्डर रद्द होत नाही. त्याच्या जोडीला खरा बचाव लागतो आणि कळल्याबरोबर हालचाल केलेली दिसावी लागते. चूक कौन्सिलची असेल तर ऑर्डर काढून टाकायची विनंती कौन्सिल स्वतःच कोर्टाला करू शकते.

नोटीस ऑफ एन्फोर्समेंट: हातातले सात दिवस

आपल्या कोर्टांत बेलिफ हा कोर्टाचा नोकर असतो, समन्स-नोटिसा बजावतो. इथे कौन्सिल टॅक्ससाठी येणारा बेलिफ बहुधा एखाद्या खासगी कंपनीचा माणूस असतो. त्याच्याकडे कोर्टाचं प्रमाणपत्र असतं आणि कागदोपत्री त्याचं नाव एन्फोर्समेंट एजंट. त्याची फी तुमच्याकडूनच वसूल होते.

फीचे दर २०१४च्या नियमांनी तीन टप्प्यांत ठरवले. प्रकरण कंपनीकडे गेलं की ७५ पौंड. बेलिफ घरी आला की आणखी २३५. सामान उचलायची किंवा विकायची वेळ आली की ११०. समजा खर्चासकट १,२०० पौंड थकलेत. पत्र आलं तेव्हाच ते १,२७५ झाले. दार वाजलं की १,५१०. सामान उचललं की १,६२०. थकबाकी १,५०० पौंडांच्या वर असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात वरच्या रकमेवर साडेसात टक्के वेगळे. दर पुढे बदललेले असू शकतात, म्हणून पत्रावरचा आकडा सरकारच्या वेबसाइटवर ताडून पाहा. दोन वर्षांच्या दोन ऑर्डर्स एकाच भेटीत वसूल करता येत असतील, तर भेटीची ठरावीक फी दोनदा लावता येत नाही.

नोटीस ऑफ एन्फोर्समेंट, म्हणजे बेलिफच्या कंपनीचं पत्र, आणि पहिली भेट यांच्यात सात पूर्ण दिवस जावे लागतात. रविवार आणि बँक हॉलिडे त्यात धरत नाहीत. तुमचे २३५ पौंड या सात दिवसांत वाचतात किंवा जातात.

पहिल्याच दिवशी महिन्याचा जमाखर्च एका कागदावर मांडा: पगार, भाडं, प्रवास, किराणा, मुलांचं, भारतात पाठवायचे ते. खरे आकडे लिहा. उरतं तेवढ्यातलं किती देता येईल ते ठरवा. मग कंपनीला ईमेल करा: इतके पौंड दरमहा देऊ शकतो, सोबत जमाखर्च जोडला आहे. फोन केलात तरी त्यावर काय ठरलं ते ईमेलने कळवा. कंपनी तीन महिन्यांत सगळं मागेल. मान डोलावू नका. न झेपणारा हप्ता कबूल करून दुसऱ्याच महिन्यात मोडला की तुमची बाजू आधीपेक्षा वाईट होते. त्याच दिवशी कौन्सिलच्या वसुली विभागालाही लिहा आणि प्रकरण परत घ्या म्हणून विनंती करा. ‘आता आमच्या हातात नाही’ असं उत्तर मिळू शकतं. ते खरं नाही, कंपनी कौन्सिलच्याच वतीने काम करते. कोणी ऐकत नसेल तरी ठरवलेली रक्कम कौन्सिलच्या वेबसाइटवर भरत राहा आणि पावत्या ठेवा. त्याने लागलेली फी माफ होत नाही, पण तुम्ही भरताय याचा पुरावा तयार होतो.

याच सात दिवसांत, थकलेल्या देण्यांबद्दल सल्ला देणाऱ्या नॅशनल डेटलाइनला ०८०८ ८०८ ४००० वर फोन करा. स्टेपचेंज आणि सिटिझन्स ॲडव्हाइस याही संस्था आहेत. तिघांचाही सल्ला फुकट असतो. सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’ मिळू शकते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही योजना ४ मे २०२१पासून आहे. साठ दिवस वसुली थांबते आणि बेलिफला येता येत नाही. ती वर्षातून एकदाच मिळते, म्हणून पुढचा मार्ग ठरवूनच घ्या.

बेल वाजली

हा भाग घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. इंग्रजी कमी येणाऱ्या आई-वडिलांना तर दोनदा.

कौन्सिल टॅक्सच्या वसुलीसाठी पहिल्या भेटीत बेलिफला जबरदस्तीने घरात शिरता येत नाही. कुलूप तोडता येत नाही, किल्लीवाला आणता येत नाही, खिडकीतून किंवा भिंतीवरून येता येत नाही, दारात पाय अडकवता येत नाही, तुम्हाला ढकलता येत नाही. पण दार नुसतं लोटलेलं असेल आणि तो ते उघडून आत आला, तर ते कायदेशीर ठरतं. म्हणून पुढचं, मागचं, बागेकडचं, सगळी दारं आतून कुलूपबंद ठेवा. एवढी एक सवय लावली तर अर्धं संकट टळतं.

आलेल्या माणसाला आत घेणं, निदान पाणी विचारणं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. दारात उभं ठेवून बोलायला जीव धजत नाही. या एका माणसाशी मात्र बंद दारातूनच बोलायचं, नाहीतर वरच्या मजल्याच्या खिडकीतून. यात उद्धटपणा नाही, कायद्यानेच हा हक्क दिला आहे. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला मी मराठी अक्षरांत एक कागद चिकटवला होता: ‘आय विल नॉट लेट यू इन. प्लीज पुट द पेपर्स थ्रू द लेटरबॉक्स.’ सासूबाईंनी तो पाठ केला.

बेलिफ सकाळी ६ ते रात्री ९ एवढ्याच वेळात येऊ शकतो. घरात फक्त १६ वर्षांखालची मुलं असतील तर त्याला आत यायची परवानगी नाही. त्याचं ओळखपत्र, प्रमाणपत्र आणि कौन्सिलचं अधिकारपत्र पत्रपेटीतून मागा. नाव न्याय मंत्रालयाच्या बेलिफ नोंदवहीत ऑनलाइन तपासता येतं. फोनवर चित्रीकरण करा. तो ‘फक्त बाथरूम वापरतो’, ‘बाहेर पाऊस आहे, आत बोलू’, ‘सामान नुसतं बघतो’ म्हणेल. उत्तर तेच. ‘पोलिसांना बोलावतो’ म्हणाला तर बोलावू दे. पोलीस शांतता राखायला येतात, त्याला घरात घुसवायला नाही. तुम्हाला अटक करायचा अधिकार या वसुलीत त्याला नाही.

आधी तिथे राहून गेलेल्या माणसाच्या नावाने तो आला असेल, तर स्वतःच्या भाडेकराराच्या पहिल्या पानाचा फोटो काचेतून दाखवा. दार तरीही उघडू नका.

तो आत आलाच, तर सामानाची यादी करतो आणि ‘कंट्रोल्ड गुड्स ॲग्रीमेंट’वर सही मागतो. आपल्या जप्तीच्या पंचनाम्यासारखाच तो कागद. सामान घरातच राहतं, तुम्ही हप्ते भरायचे. हप्ता मोडला तर मात्र सूचना देऊन तो परत येऊ शकतो आणि या वेळी जबरदस्तीने आत शिरू शकतो. आमची चूक ही होती: आधी दार, मग सही. यादीत दुसऱ्याची वस्तू गेली असेल तर लगेच पावती पाठवून लेखी हरकत घ्या.

काय नेता येतं

पुरेसे पलंग आणि अंथरूण-पांघरूण, कपडे, फ्रिज, वॉशिंग मशीन, शेगडी किंवा मायक्रोवेव्ह यांतलं एक, जेवायचं टेबल-खुर्च्या, औषधोपचाराचं आणि लहान मुलांच्या संगोपनाला लागणारं सामान नेता येत नाही. काम किंवा शिक्षणासाठी तुम्हाला स्वतःला लागणाऱ्या वस्तूंना एकूण १,३५० पौंडांपर्यंत सूट आहे, म्हणजे कामाचा लॅपटॉप त्यात बसतो. रूममेटच्या वस्तू त्याच्या आहेत, पण पावती दाखवावी लागते. नवरा-बायकोच्या सामाईक वस्तू मात्र नेता येतात.

सोनं सूट असलेल्या यादीत नाही. वसुली सुरू असताना दागिने कपाटात ठेवू नका.

सगळ्यात जास्त धोका गाडीला असतो, कारण ती बाहेर उभी असते आणि तिच्यासाठी कोणाला दार उघडावं लागत नाही. रस्त्यावर किंवा तुमच्या ड्राइव्हवेवर दिसली तर तो चाकाला क्लॅम्प, म्हणजे कुलूप, लावतो. मित्राच्या खासगी जागेत, त्याच्या परवानगीने किंवा कुलूपबंद गॅरेजमध्ये ठेवा. पलीकडच्या गल्लीत ठेवून भागत नाही, रस्त्यावर सापडली की तीही जाते. हप्त्यांवर घेतलेली गाडी फायनान्स कंपनीच्या मालकीची असते. त्या कराराची प्रत हाताशी असू द्या. ब्लू बॅज लावून अपंग व्यक्तीसाठी वापरली जाणारी गाडी नेता येत नाही.

घरात कोणी आजारी, गरोदर, वयस्क आहे?

हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. बेलिफांसाठी सरकारने आखून दिलेल्या मानकांत ‘असुरक्षित’ कोणाला समजायचं त्याची यादी आहे: वृद्ध, अपंग, गंभीर आजारी, नुकतंच घरातलं माणूस गेलेले, गरोदर स्त्रिया, एकल पालक, बेरोजगार, आणि ज्यांना इंग्रजी समजायला, बोलायला, वाचायला उघड अडचण आहे असे लोक. या शेवटच्या ओळीचा उपयोग आपले लोक करतच नाहीत, लाजतात. लाजू नका. असुरक्षित व्यक्तीला मदत आणि सल्ला घ्यायची संधी न देताच भेटीची फी लावली असेल, तर ती वसूल करता येत नाही. डॉक्टरांचं पत्र असेल तर जोडा आणि प्रकरण कौन्सिलकडे परत पाठवा असं स्पष्ट मागा.

बेलिफ खोटं बोलला, धमकावलं, जास्त फी लावली तर आधी कंपनीकडे आणि कौन्सिलकडे लेखी तक्रार करा. तिथे समाधान झालं नाही तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जाता येतं.

दार बंदच ठेवलं तर?

बेलिफ दोन-तीन वेळा येऊन जाईल आणि प्रकरण परत कौन्सिलकडे जाईल. देणं तिथेच राहतं. कौन्सिल मग पगारकपात लावू शकते, घर तुमच्या मालकीचं असेल तर त्यावर बोजा चढवू शकते, रक्कम ५,००० पौंडांवर असेल तर दिवाळखोरीचा अर्ज करू शकते. इंग्लंडच्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत तुरुंगाची तरतूदही आहे. पण त्याआधी कोर्टाला तुमची ऐपत तपासावी लागते, आणि ऐपत असून मुद्दाम भरलं नाही किंवा अक्षम्य हयगय केली असं ठरवावं लागतं. पैसे नव्हते म्हणून कोणाला आत टाकता येत नाही. ‘कमिटल’ (तुरुंगात पाठवण्याची कारवाई) हा शब्द असलेलं पत्र आलं तर मात्र त्याच दिवशी वकील किंवा सल्लागार गाठा आणि तारखेला हजर राहा. वेल्सने ही शिक्षा २०१९मध्ये काढून टाकली.

लायबिलिटी ऑर्डर क्रेडिट फाइलवर दिसत नाही. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल तर सगळी पत्रं आणि पावत्या एका फाइलमध्ये जपून ठेवा. तुम्ही देणं फेडलंत हे तुम्हालाच दाखवावं लागेल.

जुनी थकबाकी फेडताना चालू वर्षाचा हप्ता चुकवू नका, नाहीतर त्याच रिमाइंडरपासून दुसरी रांग सुरू होते. बिल साधारण मार्चमध्ये येतं, एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत. बारा हप्ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. बिल आलं त्या दिवशीच मागा आणि डायरेक्ट डेबिटची तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवशीची लावा. घर बदललंत तर किल्ल्या परत दिल्या त्याच दिवशी जुन्या आणि नव्या, दोन्ही कौन्सिलना कळवा.